मशीनवर ओढलेली रापण

आधीच सांगते, म्हणजे नंतर कुणी मला भोळी-भाबडी समजायला नको. या सदरातले अनुभव वाचून खो-खो हसणाऱ्यांतली मी. चहा पिता पिता नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचे — "ऐक ऐक, हिला पिंपळाखाली बाई दिसली... चष्मा लावला होता का विचार!" आमच्या सिंधुदुर्गात तर या गोष्टींचा सुकाळच. प्रत्येक वळणावर देवचार, प्रत्येक जुन्या झाडाला राखणदार. लहानपणापासून ऐकत आले आणि लहानपणापासूनच सोडून देत आले. माझा विश्वास दोनच गोष्टींवर... स्नायू आणि फॉर्म.

पण आज माझा धाकटा भाऊ जिवंत आहे, आणि तो कसा जिवंत आहे हे मला नीट सांगता येत नाही. म्हणून लिहितेय. हसायचं असेल तर हसा. तुमच्या जागी मी असते तर मीही हसलेच असते.

मी मालवणात जिम चालवते. भरड नाक्यावरून बाजाराकडे उतरताना एका गोदामाच्या वरचा मजला आहे, तिथे. खाली रिक्षांची कटकट, समोर मिठाईचं दुकान. समुद्र तसा जवळ, पण आमच्या खिडकीतून दिसत नाही, लाटांचा आवाजही येत नाही. सकाळी लवकर मुलगे येतात, ते गेले की बायकांची बॅच. माझं नाव रूपा, पण मागे सगळे मला 'फॉर्मबाई' म्हणतात हे मला ठाऊक आहे. म्हणोत. पाठीला बाक काढून वजन ओढणारा माणूस दिसला की माझं डोकं फिरतं, त्याला मी काय करू?

माहेर आमचं तळाशीलच्या बाजूला, एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र अशा वाळूच्या पट्टीवर. मालवणहून रस्त्याने जायचं तर अर्धा-पाऊण तास सहज लागतो. वाडीचं नाव लिहीत नाही, उगाच लोक बघायला यायचे. बाबा रापणकर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते — होडीतून लांबलचक जाळं समुद्रात अर्धगोल सोडतात, त्याचे दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात, आणि मग दोन्हीकडे माणसं रांगेत उभी राहून, मागे मागे चालत ते जाळं वाळूवर ओढून काढतात. हीच रापण. मासळी वाळूवर आली की तिचे ढीग घालायचे, म्हणजे वाटे. नियम एकच. दोराला ज्याने हात लावला त्याला वाटा. मग तो सख्खा असो, शेजारी असो, नाहीतर मुंबईहून हाफ पँट घालून आलेला पाहुणा असो.

या वाट्यावरून माझं आणि बाबांचं कायम वाजायचं. बाबांची कंबर गेलीय. मी म्हणायचे, "बाबा, या एकदा जिमवर. केबलवर पाठ मजबूत करून देते. तुम्ही कंबरेतनं हिसके देऊन ओढता, चुकीचं आहे ते." यावर बाबा गुटखा खाणाऱ्या माणसासारखे लांब थुंकायचे आणि म्हणायचे, "गो, लोखंड ओढून तुका गावता काय? आमच्याकडे दोरीक हात लावलो तर वाटो गावता. तुझ्या मशिनीत काय गावता... घाम?" आणि मग सगळी वाडी हसायची. जिम सुरू करून इतकी वर्षं झाली, पण बाबा एकदाही जिना चढून वर आले नव्हते.

आता त्या दिवसाचं.

दिवाळी होऊन गेली होती. पर्यटक तुडुंब. माझा भाऊ महेश एरवी स्कुबावाल्यांच्या बोटीवर असतो, पण त्या दिवशी सकाळी रापण लागणार होती आणि माणसं कमी होती. म्हणून बाबांनी त्याला थांबवून घेतलं होतं. सगळे तरणे हात हल्ली पाहुण्यांच्या मागे लागलेत, रापणीला उरतात ती म्हातारी माणसं आणि काही बायका. आईने आदल्या संध्याकाळी फोनवर हे सांगितलं होतं, मी "बरं" म्हटलं होतं आणि विसरूनही गेले होते.

बायकांची बॅच आटपली. मागे राहिल्या फक्त फर्नांडिस टीचर. यांनी मला शाळेत गणित शिकवलंय. रिटायर झाल्यापासून पाठ धरलेली, डॉक्टरांनी पाठीचे व्यायाम सांगितलेले, म्हणून नुकत्याच यायला लागल्या होत्या. बाई एकदम खडूस. 'साधारण' हा शब्द त्यांना चालत नाही, 'नेमकं सांग' म्हणतात. त्यांनी पाहिलंय म्हणून मी आज हे लिहायचं धाडस करतेय. नाहीतर मीच मला वेड्यात काढलं असतं.

त्यांना मी सीटेड केबल रो शिकवत होते. बसून समोरून केबल पोटाकडे ओढायची, एवढाच व्यायाम. पण शंभरातल्या नव्वदजणी तो चुकीचा करतात. मी बाकावर बसले, पाय समोरच्या आधारावर रोवले आणि माझी टकळी सुरू केली... "टीचर, बघा. टाचा रोवायच्या. गुडघे थोडे वाकलेले. पाठ ताठ. खांदे कानांपासून खाली. हात ओढत नाहीत, पाठ ओढते. कोपरं अंगाला घासून मागे न्यायची, पाठीतली दोन्ही पाती एकमेकींना भिडली पाहिजेत. मग सावकाश सोडायचं. आणि काहीही झालं तरी झटका द्यायचा नाही!"

टीचर म्हणाल्या, "वजन कसं ठरवायचं ते आधी सांग."

म्हणून मी उठून मशीनची पिन काढली. लोखंडी पट्ट्यांची चवड असते, त्यात ही पिन जिथे खुपसाल तिथपर्यंतच्या पट्ट्या उचलल्या जातात. पिनच नसेल तर फक्त सगळ्यात वरची एक पट्टी उचलली जाते, ती लहान पोरही ओढेल. पिन टीचरांच्या हातात दिली आणि म्हटलं, "धरून ठेवा. आधी बिनवजनाचं करून दाखवते."

लक्षात घ्या. पिन टीचरांच्या हातात होती. हे मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण माझं डोकं तिथेच अडकलंय.

मी बसले, पुढे वाकून हँडल धरलं, आणि ओढलं.

हललंच नाही!

मला वाटलं केबल चाकात अडकली. म्हणून जरा सैल सोडायला गेले... तर हँडलने मला पुढे खेचलं. खरंच खेचलं हो! बाकावरून माझं बूड उचललं गेलं, गुडघे छातीला आले, खांदे निखळतात की काय अशी कळ गेली. पलीकडे कुणीतरी प्रचंड ताकदीने ओढत असावं तसं. पण पलीकडे काय होतं? एक पट्टी आणि भिंत.

"गो सोड तां!" टीचर ओरडल्या. मला सोडायचंच होतं. बोटं उघडेनात. माझीच बोटं, मी सांगतेय उघडा, आणि ती ऐकत नव्हती. मी आयुष्यात इतकी घाबरले नाही कधी. तळव्यात आग लागली होती. हँडलला गुळगुळीत रबर आहे, पण हाताला लागत होता तो खरखरीत, ओला, जाड दोर. नाकात वास भरला तो ओल्या जाळ्याचा. तो वास मी विसरणं शक्य नाही, मी त्यातच वाढलेय. आणि दातांखाली वाळू करकरली. बाजारपेठेत, पहिल्या मजल्यावर.

मग एक विचार आला, कुठून आला माहीत नाही. सोडलं तर संपलं. काय संपलं ते कळत नव्हतं, महेशचं नावसुद्धा मनात नव्हतं. पण तो विचार एवढा स्वच्छ होता की मी सोडायची धडपडच थांबवली.

आणि मी काय केलं सांगू? जे मी रोज ओरडून सांगते तेच. टाचा रोवल्या, पाठ ताठ केली, खांदे खाली घेतले. आणि झटका न देता ओढलं, पाठीने.

आलं. वीतभर आलं, पण आलं.

मग सावकाश पुढे गेले... आणि आश्चर्य म्हणजे मी पुढे जात असताना ते ओझं मला खेचत नव्हतं. मी नवी पकड घेईपर्यंत आणखी कुणीतरी ते धरून ठेवत होतं. माझ्या मागे कुणीतरी धापा टाकत होतं, एक-दोघं नाही, बरेच जण. मान वळवून बघायची हिंमत झाली नाही. पुन्हा ओढलं, पुन्हा पुढे गेले, पुन्हा ओढलं. किती वेळ ते विचारू नका. टीचरांचं म्हणणं नेमकी तीन मिनिटं, आणि त्या भिंतीवरच्या घड्याळाखाली उभ्या होत्या. मला विचाराल तर अख्खी सकाळ गेली.

मग एकाएकी ओझं गेलं. मी सपाट मागे पडले, डोकं फरशीवर आपटता आपटता वाचलं. बोटं आपोआप उघडली. ती एक पट्टी खाडकन खाली पडली.

टीचर पुतळ्यासारख्या उभ्या. एका हातात पिन, दुसरा हात गळ्यातल्या क्रुसावर. म्हणाल्या, "सायबा... रूपा, तू नाटक करी होतंस?"

मी तळवे वर केले. दोन्ही तळव्यांची कातडी सोलून निघाली होती, दोराने सोलते तशी, आडवी. आणि बाकाखाली पाणी. थोडंथोडकं नाही, बादली सांडावी इतकं. टीचर वाकल्या, बोट बुडवून त्यांनी चक्क जिभेला लावलं. "खारां आसा," म्हणाल्या. एरवी आमच्याशी शुद्ध पुस्तकी मराठी बोलणाऱ्या बाईंच्या तोंडून तेव्हा पहिल्यापासून मालवणीच येत होती, यावरूनच काय ते समजा. "ह्या पाणी खंयसून इला गो? एकच पट्टी वर-खाली होई होती. एकच! आणि तुझ्या मानेचे शिरो तट्ट फुगलेले. मी बघलंय."

मी काही बोलणार तोच फोन वाजला. आई. तळवे सोललेले, उचलता येईना, टीचरांनीच उचलून माझ्या कानाला लावला.

"गो गावलो!" आई रडत ओरडत होती. "महेश गावलो! जितो आसा!"

मला तो हरवल्याचंच माहीत नव्हतं. जिममध्ये, त्या खाऱ्या पाण्यात मी मटकन खाली बसले.

टीचरांनी त्यांच्या गाडीतून मला तळाशीलला नेलं. पिन त्यांनी मुठीत तशीच धरली होती, गिअर बदलताना दांड्यावर टिकटिक वाजत होती.

किनाऱ्यावर पोहोचलो तर महेश वाळूवर घोंगडी गुंडाळून रिक्षाची वाट बघत बसलेला, ओठ निळे, उलट्या करून करून थकलेला. आई त्याला बिलगलेली. उजव्या घोट्याला दोराचा लालभडक वळ, पण पाय शाबूत. मी त्याच्याजवळ गेले आणि आधी एक थोबाडीत मारावी की मिठी मारावी तेच कळेना. शेवटी त्याच्या डोक्यावर कोपर टेकून रडले, तळवे वापरता येत नव्हते ना.

काय झालं ते त्यानेच सांगितलं, अडखळत. जाळं ओढत असताना तळाला कशात तरी अडकलं. महेश पोहत गेला, बुडी मारून सोडवायला. जाळं सुटलं, पण सुटता सुटता दोराचा फास त्याच्या घोट्यात बसला. ओहोटी लागलेली, पाण्याला बाहेरची ओढ. सगळं जाळं त्याला घेऊन उलटं समुद्रात निघालं. किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्या हातांतून दोर सरसर सुटायला लागला.

"मी खालीच होतंय ताई," महेश म्हणाला. "वर येव्क जमाना. वाटला संपला. आणि मगे दोर थांबलो. आणि ओढूक लागलो... सावकाश. झटको नाय. आमचे ओढतत तेव्हा हिसको बसता, तुका म्हायत आसा. तसो एक जरी हिसको बसलो असतो ना, तर घोटो तुटान गेलो असतो. पण नाय. एकसारखो... ओढ, थांब. ओढ, थांब. पायाखाली वाळू लागासर तसोच."

त्याला मी काहीच सांगितलं नव्हतं. माझे हात ओढणीत गुंडाळलेले. मी टीचरांकडे बघितलं, टीचर समुद्राकडे बघत होत्या.

महेशला रिक्षात घालून आई दवाखान्यात घेऊन गेली. मी मागोमाग निघणारच होते, पण बाबा कुठे दिसेनात. बघते तर पाण्याच्या कडेला एकटेच उभे, मान खाली घालून वाळूकडे बघत. वर जाळं ओढून काढलेलं, त्यात बांगडा चमकत होता, बायका तो पाट्यांत भरत होत्या. एरवी अशा वेळी बाबांचा आवाज खाडीपलीकडे ऐकू जातो.

मी वाळूत पंधरा पावलं चालून थांबले, तर बाबा म्हणाले, "थंयसरच रव. फुडे येव नको."

"काय झालं?"

"आमच्या बाजूक सगळ्यांच्या फुडे भिवा होतो," बाबा म्हणाले. भिवा म्हणजे आमचा शेजारी. "महेश बुडता बघून तो दोर सोडून पाण्यात धावलो. ती जागा रिकामी झाली. तेच्या मागे मी. माझ्या फुडे कोण नाय. आणि दोर माझ्या हातात येय होतो तो... ओढलेलो येय होतो. माका फक्त धरून ठेवचो लागा. फुडसून कोणतरी ओढी आणि आमी धरू. मी बघी होतंय, फुडे फक्त पाणी दिसा."

मी म्हटलं, "बाबा, घाबरला होतात तुम्ही. अशा वेळी..."

"गप. ह्या बघ." त्यांनी बोट दाखवलं.

ओल्या वाळूत, ओहोटीचं पाणी मागे हटलं होतं त्याच्या जरा वर, दोन खड्डे होते. टाचांचे. शेजारी शेजारी, खोल, कुणीतरी जीव खाऊन टाचा रोवल्यासारखे. आणि त्यांच्या मागे, गुडघे थोडे वाकवून बसावं तेवढ्या अंतरावर, बुडाचा ठसा.

"रापण बसान कोण ओढता?" बाबा हळूच म्हणाले. "आमच्या सात पिढ्यांत कोणी बसान ओढूक नाय."

आणि ते ठसे बुटांचे होते. रापणीला सगळे अनवाणी असतात, वाळूत बूट घालून कोण उभं राहील? मी जवळ गेले. माझ्या जिमच्या बुटांची उजवी टाच मध्यंतरी झिजली होती, म्हणून बाजारात दुरुस्तीला दिली होती. दुरुस्ती करणाऱ्याने तिथे सायकलच्या टायरचा त्रिकोणी तुकडा चिकटवून दिला होता. टीचर त्यावरून मला चिडवायच्यासुद्धा. उजव्या खड्ड्यात त्रिकोण होता. टायरच्या नक्षीसकट.

मी पाय उचलून बूट बघितला. बाबांनीही बघितला. मी त्या जागेपासून चार हात लांब होते आणि त्या दिवशी पाण्याच्या इतक्या जवळ पहिल्यांदाच येत होते. टीचरांनी मागून माझा दंड धरला.

फोटो काढला का, असं आता कमेंटमध्ये विचारू नका. नाही काढला. भाऊ मरता मरता वाचलाय, हात सोललेत, समोर वाळूत माझीच टाच उमटलीय... अशा वेळी तुम्हाला फोटो सुचत असेल तर तुम्हाला माझा नमस्कार. नंतर भरती आली आणि गेलं सगळं.

मग वाटे घालायची वेळ झाली. महेश वाचला होता, मासळी उन्हात टाकून चालणार नव्हतं. वाटे घालायचं काम बाबांचंच. ते कागद-बिगद घेत नाहीत. दोराला कुणाकुणाचा हात लागला ते त्यांच्या नजरेत असतं, त्याप्रमाणे ते न बोलता ढीग घालत जातात आणि मग एकेकाला हाक मारतात. मी लहानपणापासून बघतेय, कधी एक ढीग कमी पडला नाही, कधी एक उरला नाही. यावरून गावात पैजा लागायच्या.

त्या दिवशी सगळ्यांना हाका मारून झाल्या, बायका आपापले वाटे पाटीत भरून निघाल्या, आणि वाळूवर एक ढीग उरला.

बाबांना वाडीत सगळे आप्पा म्हणतात. भिवाकाका म्हणाले, "आज आप्पा चुकलो. पोराच्या काळजीन चुकलो, काय करतलो?" कुणी हसलं नाही.

बाबा सरळ माझ्याकडे आले. "हात दाखव."

मी ओढणी घट्ट धरली. "काही नाही बाबा. जिममध्ये लागलं."

"हात दाखव गो."

मी ओढणी सोडली. बाबांनी माझे दोन्ही तळवे आपल्या तळव्यांवर घेतले आणि बघितले. त्यांचे तळवेही त्याच दिवशी सोललेले होते. तोच आडवा वळ, तोच. फरक काय तो कातडीच्या वयाचा. बाबांच्या डोळ्यांतून पाणी कधी आलेलं मी पाहिलं नव्हतं, आजी गेली तेव्हाही नाही. त्या दिवशी ते घळाघळा रडले, सगळ्या वाडीसमोर.

मग त्यांनी तो उरलेला ढीग एका पाटीत भरला. पाटी टीचरांच्या हातात दिली, कारण मला धरता येत नव्हती.

"तिचो वाटो," म्हणाले.

मी म्हटलं, "बाबा, मी नव्हते हो इथे! मी मालवणात होते. टीचरांना विचारा!"

"तू खंय होतंस तां माका म्हायत नाय," बाबा म्हणाले. "वाटो चुकना नाय."

झालं. एवढंच घडलं.

त्यानंतर मी माझ्या परीने सगळं करून बघितलं. मशीन बसवणाऱ्या माणसाला कुडाळहून बोलावलं, त्याने केबल, चाकं सगळं उघडून बघितलं. काही बिघाड नाही. "मॅडम, पिनशिवाय हे अडकूच शकत नाही," असं मलाच समजावून गेला. डॉक्टरांनी तळवे बघून विचारलं, "रापणीवर गेलेला काय?" नवऱ्याचं म्हणणं, भावा-बहिणीचं मन जोडलेलं असतं, तुला आतून कळलं असेल. असेल बाबा. पण मनाला कळलं तर मन रडेल, घाबरेल. मन बाकाखाली बादलीभर समुद्र ओतेल का? कुणी म्हणेल योगायोग. मान्य केलं असतं हो... पण योगायोगाच्या टाचेला टायरचं ठिगळ कसं असेल?

त्या मशीनवर मी आजही बसते. तळवे भरून आल्यावर पहिल्यांदा बसले. टीचर शेजारी उभ्या होत्या. पिन काढली, हँडल धरलं, ओढलं... आणि ती एकटी पट्टी सुरकन वर आली. पुन्हा तसं कधीच झालं नाही. खरं सांगू का, झालं नाही याचं जेवढं हायसं वाटतं, तेवढीच कुठेतरी धास्तीही वाटते. पुढच्या वेळी कुणाचा दोर सुटत असेल, आणि माझ्या हाताला नुसतंच रबर लागेल...

परवा सकाळी जिना वाजला. एक पाय, थांबा, दुसरा पाय, थांबा. कंबरेवर हात ठेवून बाबा वर आले. पहिल्यांदाच. बायकांची बॅच चालू होती, सगळ्या बघायला लागल्या. बाबांनी कुणाकडे बघितलं नाही. मशीनसमोर जाऊन उभे राहिले, केबलवरून हात फिरवला, ती बोटात धरून दोराची ताकद बघतात तशी ओढून बघितली. मग पिशवीतून बांगडे काढले आणि मशीनच्या बाकावर, कागद पसरून, नीट ठेवले.

"बाबा, आज काय? आज तर मी काहीच..."

"आजचो नाय," बाबा म्हणाले. "त्या दिसाचो तुका दिलंय. ह्यो मशिनीचो."